‘एवढं तर गळतंच’ म्हणणाऱ्यांनो, आधी गळती शोधा!

‘एवढं तर गळतंच.’ हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. तीनचाकी मोटारसायकलीखाली ऑइलचा डाग दिसतो म्हणून गाडी दाखवायला न्यावी, आणि समोरच्याने खाली वाकून बघायच्या आधीच हे वाक्य तोंडावर फेकावं! तुम्ही हटून बसलात की तोच माणूस एकदम दुसऱ्या टोकाला जातो: ‘मग इंजिन खोलावं लागेल.’ म्हणजे एक तर काहीच करायचं नाही, नाहीतर सगळंच उघडून ठेवायचं. मधलं काम, म्हणजे ऑइल नेमकं कुठून येतंय ते शोधणं, कुणालाच करायचं नसतं. त्यात वेळ जातो, हात काळे होतात, आणि बिलात त्यासाठी रकाना नसतो.

माझ्या ट्राइकचं, म्हणजे तीनचाकी मोटारसायकलीचं, हेच झालं. आधी गियर शाफ्टचं ऑइल सील (दांड्याभोवतीची, ऑइल अडवणारी रबरी रिंग) बदललं. डाग तसाच. मग क्लच कव्हरचं पॅकिंग बदललं. डाग तसाच. प्रत्येक वेळी ‘आता झालं’ असं छातीठोकपणे सांगून गाडी हातात दिली. ही दुरुस्ती नाही, हा अंदाजपंचे कारभार आहे, आणि त्याचे पैसे मी भरायचे! इंजिनाच्या पोटाला ऑइल आणि धुळीचा काळा थर तसाच चिकटलेला होता. त्या थरावर नवीन सील बसवून कोणाला काय कळणार होतं?

गळती शोधायची पहिली पायरी म्हणजे धुणं. डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रव) लावा, ब्रशने घासा, धुवा, कोरडं करा. वायरिंगचे जोड आणि एअर फिल्टरचं तोंड सांभाळा, प्रेशरचं पाणी थेट सीलवर मारू नका. इंजिन पूर्ण कोरडं झालं की संशयाच्या जागेवर टाल्कम पावडरचा पातळ थर उडवा. मग गाडी सुरू करा, गरम होऊ द्या, थोडी चालवा, आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरवर ऑइलची काळी रेघ उमटते आणि ती रेघ वर कुठे सुरू होते ते डोळ्यांनी दिसतं. एवढ्यावर भागलं नाही, तर ऑइलमध्ये टाकायची यूव्ही डाय, म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारा रंग, मिळते. ती टाकून गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा, गळतीची जागा हिरवट-पिवळी चमकते. यात कसलीही गुप्त विद्या नाही. पावडरचा डबा आणि थोडी चिकाटी. तरीही हे न करता लोक सरळ पाना उचलतात!

आणि जिथे थेंब लोंबतोय तिथेच बिघाड आहे, हा गैरसमज एकदाचा डोक्यातून काढा. ऑइल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून ओलं झालेल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधायची असते. वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट (पॅकिंग) झिरपतं, ते ऑइल सिलिंडरच्या बाहेरच्या पात्यांवरून (फिन्सवरून) उतरत खाली ड्रेन बोल्टच्या (जुनं ऑइल काढायच्या बोल्टच्या) टोकाला जमतं, आणि बिचाऱ्या ड्रेन बोल्टवर आळ येतो. टायमिंग चेनच्या टेन्शनरची ओ-रिंग, ऑइल प्रेशर स्विच, स्टेटरच्या वायरी बाहेर येतात तिथलं रबर, गियर लिव्हरच्या शाफ्टचं सील, या सगळ्या छोट्या जागा. यातलं बहुतेक काम किरकोळ असतं. पण शोधलं तर ना!

तीनचाकीत हे आणखी अवघड होतं, आणि यात कंपन्यांवरही माझा राग आहे. दोनचाकी स्टँडवर कललेली असते, थेंब बहुतेक त्या बाजूलाच पडतो, निदान दिशा तरी कळते. ट्राइक तीन पायांवर सपाट उभी. वर अनेक मॉडेलना चारी बाजूंनी प्लास्टिकची पॅनेलं आणि पोटाखाली झाकण. ऑइल त्या झाकणात साचतं, इकडेतिकडे पसरतं आणि भलत्याच भोकातून जमिनीवर टपकतं. जमिनीवरचा डाग फक्त त्या भोकाचा पत्ता सांगतो, गळतीचा नाही. ते झाकण काढायचं तर क्लिपा, स्क्रू, आणखी एक पॅनेल, त्याच्यामागे आणखी एक. क्लिपा जुन्या झालेल्या, ओढल्या की तुटतात. साधं इंजिन खालून बघायला एवढा खटाटोप करावा लागतो, तिथे आळशी माणूस झाकण न काढताच निदान करणार हे उघड आहे. गाडी बनवताना हे कुणाच्याच लक्षात येत नाही का?

बरं, टपकतंय ते इंजिन ऑइलच आहे का, हे तरी बघा! रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा, सकाळी बघा, बोटाने चोळा, वास घ्या. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं. डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरच्या पेटीचं) गियर ऑइल जाडसर आणि त्याला गंधकाचा उग्र वास. कूलंट पाणचट, रंगीत, गोडसर वासाचं. ब्रेक फ्लुइड पातळ, जवळपास रंगहीन किंवा पिवळसर. नेहमीचं ग्लायकॉलवालं फ्लुइड पाण्यात मिसळून जातं आणि रंगाचे पापुद्रे काढतं. ऑइल पाण्यावर तरंगतं. हे न बघता ‘ऑइल आहे, थोडं असतं’ म्हणून गाडी परत देणारा माणूस उद्या ब्रेक फ्लुइडच्या गळतीलाही तेच म्हणेल. ब्रेक फ्लुइडची गळती किरकोळ नसते. ती सापडली की गाडी तिथेच उभी करायची.

आता सर्वांत जास्त चीड आणणारा प्रकार: जी गळती मुळात गळतीच नाही. काही इंजिनांत ऑइल खालच्या चेंबरमध्ये राहतं, काहींत वेगळ्या टाकीत. वेगळ्या टाकीवाल्या इंजिनात लेव्हल गरम इंजिनावर, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या पद्धतीने बघायची असते. गाडी बराच वेळ थंड उभी असली की टाकीतलं थोडं ऑइल खाली उतरतं आणि डिपस्टिकवर लेव्हल कमी दिसते. मग कुणीतरी शहाणा वरून ऑइल ओततो. आता ऑइल जास्त झालं. ते ब्रीदरच्या (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या पेटीत, जातं, तिथल्या निचऱ्याच्या नळीतून खाली टपकतं, आणि सगळे मिळून सील बदलायला बसतात! जास्तीचं ऑइल काढून योग्य लेव्हल केली की ‘गळती’ थांबते. दहा मिनिटांचं काम. पण त्यासाठी आधी पुस्तक उघडावं लागतं.

ब्रीदरचीही तीच गत. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा दाब खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) येतच असतो, तो बाहेर जायला ब्रीदर असतो. नळी चिखलाने, गाळाने बंद झाली किंवा बसवताना दुमडली, की तो दाब जिथे कमजोर जागा मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. तुम्ही एक सील बदललंत, तर तो दुसरीकडून बाहेर येईल. दुसरं बदललंत, तर तिसरीकडून. ब्रीदर न तपासता सीलामागून सील बदलणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणायला तयार नाही. मागे दोन चाकं आणि डिफरन्शियल असलेल्या ट्राइकमध्ये हाच खेळ डिफरन्शियलच्या व्हेंटचा, म्हणजे हवा जायच्या भोकाचा, असतो. तो चोंदला की ऑइल ॲक्सलच्या सीलमधून चाकाकडे जातं. आणि चाकाकडे म्हणजे ब्रेककडे.

इथे ‘एवढं तर गळतंच’वाल्यांनी जरा थांबून ऐकावं. एकाच बाजूच्या ब्रेकवर ऑइल गेलं, तर तो ब्रेक नीट धरत नाही, दुसऱ्या बाजूचा धरतो, आणि ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला खेचते. पुढे दोन चाकं असलेल्या ट्राइकमध्ये शॉकअप गळून ते ऑइल एका डिस्कवर आलं तरी तेच. मागचं एकच चाक असेल आणि त्या टायरवर ऑइल उडत असेल, तर सगळी ताकद त्याच एका टायरवर जाते हे विसरू नका. थेंब किती मोठा आहे याला काही अर्थ नाही. तो कुठे पडतोय, याला आहे. ऑइल प्यायलेले ब्रेक पॅड किंवा शू पुसून चालत नाहीत, बदलावेच लागतात, आणि आधी गळती बंद करून मग. गाडी बेल्टवर चालणारी असेल तर बेल्टवरही ऑइल राहू देऊ नका. गरम सायलेन्सरवर पडत असेल तर धूर आणि आगीचा धोका वेगळाच.

आता उपायांच्या नावाखाली चालणारा अत्याचार. पहिला: ‘आवळून टाक.’ ड्रेन बोल्ट झिरपतोय? आवळ. कव्हर झिरपतंय? आवळ. अरे, ते ॲल्युमिनियम आहे! ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा घालायचा असतो, तो एकदा चेपला की त्याचं काम संपलं. तो न बदलता बोल्टवर जोर काढला की आटे जातात आणि थेंबभर गळतीचं रूपांतर चेंबरच्या दुरुस्तीत होतं. कव्हरचे बोल्ट वाटेल तसे आवळले की कव्हर वाकतं, गॅस्केट एका बाजूला चिरडतं आणि दुसऱ्या बाजूला सैल राहतं. बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा टॉर्क रेंच भिंतीवर शोभेला लावलाय का? फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर चढवला, हाही नेहमीचा निष्काळजीपणा. दोन रिंगा एकावर एक बसत नाहीत, आणि दाब आला की ऑइल थेंबाने नाही, धारेने जातं. जुना फिल्टर काढला की रिंग त्याच्यासोबत आली का, हे बघायला एक नजर पुरते. ती नजर टाकायलाही यांना वेळ नाही.

दुसरा: लाल पेस्ट. जिथे साधं गॅस्केट किंवा ओ-रिंग आहे तिथेही बाहेरून सिलिकॉन थापायचं. ऑइल लागलेल्या पृष्ठभागावर ते चिकटतच नाही, आतून ऑइल आलं की सुटतं. आणि जोडावर भरमसाट लावून कव्हर दाबलं की जेवढी पेस्ट बाहेर दिसते तेवढीच आतही पिळून निघते. तो आतला तुकडा तुटून ऑइलच्या जाळीत अडकला तर इंजिनाला ऑइल कमी पडतं. थेंब वाचवायला गेले आणि इंजिन धोक्यात घातलं! जिथे कंपनीने पेस्ट सांगितली आहे तिथे ती लावावी, साफ आणि कोरड्या जागेवर, पातळ रेघ, सुकायला दिलेला वेळ पाळून. तो वेळ कोण पाळतं? गाडी लगेच चालू करून ‘बघा, बंद झालं’ म्हणून दाखवायची घाई.

तिसरा: ‘लीक बंद करणारं औषध टाका’ किंवा ‘जाड ऑइल टाका.’ ती औषधं रबराची सीलं फुगवून मऊ करतात. थोडं कडक झालेलं जुनं सील काही काळ त्याने दबतंही, पण फाटलेलं सील, झिजलेला शाफ्ट किंवा गेलेलं गॅस्केट त्याने जुळत नाही. आणि बहुतेक मोटारसायकलींत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. म्हणून तर ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, बघून घ्यायचं. मोटारीसाठी बनवलेलं काहीतरी त्यात ओतलं तर क्लच घसरू शकतो, मग क्लच प्लेटा बदलत बसा. जाड ऑइल थंड इंजिनात वर पोचायला वेळ लावतं. थेंब हळू पडतो, भोक तसंच राहतं.

मी काही प्रत्येक ओल्या जागेवर गाडी खोला म्हणत नाही. जुन्या इंजिनाच्या जोडावर धूळ चिकटण्याइतका ओलावा असेल, थेंब तयार होत नसेल, दोन सर्व्हिसच्या मध्ये लेव्हल हलत नसेल, आणि टायर, ब्रेक, बेल्ट, सायलेन्सर यांच्यापैकी कशावरही तो जात नसेल, तर पुसा, जागा लिहून ठेवा, फोटो काढा, दर आठवड्याला लेव्हल बघा. मी स्वतः तेच करतो. पण हे ‘चालतं’ शोधून झाल्यावर म्हणायचं असतं, शोधायच्या आधी नाही! आणि प्रवासात ऑइल प्रेशरचा दिवा लागला तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ नाही, इंजिन ताबडतोब बंद.

सील बदलून महिनाभरात पुन्हा गळायला लागलं, तर नवं सील खराब होतं असं सांगून आणखी एक घालतात. शाफ्टवर नख फिरवून बघा म्हणावं. जुन्या सीलच्या ओठाने (शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या कडेने) तिथे खाच पाडली असेल, तर कितीही नवी सीलं घाला, त्याच खाचेतून ऑइल येणार. अशा वेळी शाफ्टवर पातळ स्लीव्ह (धातूचं नळीसारखं कवच) चढवावी लागते, किंवा जागा असेल तर सील किंचित पुढेमागे बसवावं लागतं. सील बसवताना ओठाला ऑइल लावायचं, आट्यांवरून नेताना ओठ कापला जाऊ नये म्हणून टेप गुंडाळायची. कोरडं सील हातोडीने ठोकून बसवलं तर ते त्याच दिवशी मेलेलं असतं.

यापुढे माझी गाडी कुणाच्याही हातात देताना मी जॉब कार्डवर हे लिहून घेणार आहे: कोणतं द्रव गळतंय, धुतल्यावर ओली झालेली सर्वांत वरची जागा कोणती, ब्रीदर तपासला का, काढलेलं जुनं सील आणि जुना वॉशर मला परत. आधीचा फोटो आणि चालवून आणल्यानंतरचा फोटो. एवढं लिहून द्यायला जो तयार नाही, त्याने माझ्या गाडीला पाना लावायचा नाही.