सोरायसिसची ट्रायल आणि सगळीकडे फिरणारा तो मेसेज

पंधरा दिवसांत हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला: "सावधान! नाशिकमध्ये सोरायसिसच्या पेशंटना फुकट औषधाचं आमिष दाखवून गिनिपिग करतात. निम्म्यांना नुसतं पाणी टोचतात. एकदा सही केली की सुटका नाही. काही झालं तर कंपनी हात वर करते. डॉक्टरला पैसे मिळतात." माहेरच्या ग्रुपवर तो मावशीने टाकला. तिच्या मुलीलाही सोरायसिस आहे, म्हणून मला गप्प बसवेना.

मला हा त्वचेचा आजार होऊन चौदा वर्षं झाली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी ट्रायलबद्दल, म्हणजे नव्या औषधाच्या पेशंटवरच्या चाचणीबद्दल, विचारलं तेव्हा कागद घरी आणून दोन रात्री वाचले.

गिनिपिगची भीती हवेतून आलेली नाही, हे आधी मान्य करते. पेशंटना धड न सांगता ट्रायल झाल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या आणि २०१३ मध्ये न्यायालयाने सरकारला खडसावलं होतं. नियम त्यानंतर कडक झाले, २०१९ ची नवी नियमावली आली. मेसेज मात्र त्याआधीच्या काळातच अडकलाय.

"निम्म्यांना पाणी." सगळ्या ट्रायलमध्ये प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही, नसतो; काहींत नव्या औषधाची तुलना जुन्या औषधाशी करतात. जिथे असतो तिथे तो निम्म्यांनाच मिळतो असंही नाही, आणि सोरायसिसच्या बऱ्याच ट्रायलमध्ये बारा ते सोळा आठवड्यांनी त्या पेशंटनाही खरं औषध सुरू करतात. हे लपवून ठेवत नाहीत, संमतीपत्रात लिहिलेलं असतं. पण प्लासिबो लागतोच कशाला? माझंच बघा. निफाडचा पारा उतरला की इकडे माझी कोपरं तडकतात, खवले झडतात. एप्रिलचं ऊन पडलं की चट्टे आपोआप फिके होतात. फेब्रुवारीत इंजेक्शन सुरू करून एप्रिलमध्ये बरं वाटलं, तर श्रेय औषधाला द्यायचं की उन्हाला? शेजारी प्लासिबोवाला गट असल्याशिवाय ते कळणार नाही.

यात त्रास नाही असं मी म्हणणार नाही. आधीच्या गोळ्या काही आठवडे बंद ठेवाव्या लागतात आणि त्या काळात आजार उसळू शकतो. कोणतं मलम चालेल, फारच वाढलं तर काय करायचं, हे सहीच्या आधी विचारा.

"सही केली की सुटका नाही" हे मात्र साफ खोटं आहे, आणि मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा येतो. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यावरून तुमचे नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही. संमतीपत्र आपल्याला कळणाऱ्या भाषेत द्यावं लागतं, त्याची प्रत आपल्याकडे राहते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर समजावून सांगावं लागतं.

"कंपनी हात वर करते." ट्रायलमध्ये इजा झाली तर मोफत उपचार द्यावे लागतात. इजा ट्रायलमुळे झाली असं ठरलं तर भरपाईही. उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार न देता प्लासिबोवर ठेवल्यामुळे इजा झाली, तर तीही यात धरली जाते. गंभीर घटना घडली तर ती चोवीस तासांत कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक असतं.

पैशांचं म्हणाल तर, हो, ट्रायलच्या कामाचे पैसे मिळतात. पण त्या पैशांचा करार एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे ट्रायलमध्ये पेशंटचं हित बघणाऱ्या समितीपुढे, ठेवावा लागतो. कमिटीत किमान सात जण, त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो.

मला शेवटी ट्रायलमध्ये घेतलंच नाही. रक्ताच्या तपासणीत सुप्त क्षयरोग निघाला. सोरायसिसची काही औषधं प्रतिकारशक्तीचा एक भाग दाबतात आणि झोपलेला क्षय जागा होऊ शकतो, म्हणून त्यांनी मला थांबवलं आणि आधी क्षयाच्या उपचाराला पाठवलं. कुणालाही पकडून सुई टोचायची असती तर मी आयतीच समोर बसले होते.

मेसेजने एक खरा प्रश्न मात्र विचारलाच नाही: ट्रायल संपल्यावर औषध गुणकारी ठरलं तरी ते मिळत राहील का? तशी हमी असतेच असं नाही. मावशीला मी फोनवर तेच सांगितलं. मुलीला कुणी विचारलं तर आधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागून घे; २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे आणि ती कुणालाही फुकट बघता येते. मग कागद घेऊन माझ्याकडे ये, दोघी मिळून वाचू.