सातवं दालन लाल नाही, काळं आहे

अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोच्या ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ (१८४२) या कथेबद्दल एक संदेश फिरतोय: गढीतल्या मुखवट्यांच्या नाचाची सात दालनं म्हणजे आयुष्याचे सात टप्पे असं पोनेच लिहिलंय, आणि शेवटचं दालन लाल आहे. दोन्ही चूक. टप्प्यांचा अर्थ वाचक-समीक्षकांनी लावलेला. कथेत तसं वाक्य नाही. त्याला आधार मात्र आहे, कारण दालनं पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात, उगवतीकडून मावळतीकडे. पहिलं निळं, सातवं काळं. लाल आहेत त्या फक्त त्याच्या खिडक्यांच्या काचा. तिथलंच काळ्या लाकडाचं घड्याळ तासाचे टोल देतं आणि नाचणारे दरवेळी थबकतात. (मला रंगांपेक्षा हे थबकणंच जास्त झोंबतं.) ‘रेड डेथ’ या जीवघेण्या रोगाच्या साथीला बाहेर ठेवायला अडसर झाळून बंद केलेल्या गढीत गढीचा मालक प्रिन्स प्रॉस्पेरो मरतो, तो याच दालनात.