वैनगंगा गोठलेली नाही : फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

बर्फात अडकलेल्या मालवाहू बार्जचा व्हिडिओ आणि खाली मजकूर : 'वरच्या भागात वैनगंगा गोठल्याने पाणी उतरलं, वितळताच पूर येईल, मोटारी (नदीवरचे पंप) काढा.' हे चूक आहे.

नदी गोठायला सगळं वाहतं पाणी शून्य अंशावर यावं लागतं. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हाही नदी वाहतच होती. धुऱ्यावरचं दहिवर गोठणं वेगळं.

अमेरिकेतल्या मिसिसिपी, इलिनॉय नद्यांत मात्र हे घडतं. तिथे ३५ फूट रुंदीचे तीन बार्ज शेजारी-शेजारी बांधले की १०५ फूट होतात आणि जलपाशाची (जहाजं एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या हौदाची) रुंदी ११० फूट. कडेला बर्फ चिकटला की बांधलेल्या बार्जचा तांडा आत मावत नाही, म्हणून दोनच बार्ज शेजारी बांधावे लागतात. बर्फाचं झाकण खालच्या प्रवाहाला घासून त्याला मंदावतं. तेवढंच पाणी न्यायला जास्त खोली लागते. म्हणून वरच्या अंगाला पाणी चढतं, साठतं आणि तोवर खाली पातळी पडते. बर्फाचा बांध फुटला तर लोंढा येतो. मेसेजमधलं अर्धसत्य एवढंच.

आपल्याकडे हिवाळ्यात पाणी उतरतं ते पाऊस थांबल्याने, धरणात अडवल्याने, रब्बीच्या उपशाने. गोसेखुर्द धरणाच्या खाली पातळी विसर्गावर ठरते. तेव्हा मोटारी काढू नका. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या ओढ-पाइपाच्या तोंडाची झडप) दीड-दोन फूट पाण्याखाली आणि वाळूपासून फूटभर वर ठेवा. तो उघडा पडला तर पंप हवा ओढतो, कोरडा फिरून सील जळतं. डोंगा मात्र खोल धारेजवळ बांधा, रात्रीतून वाळूवर टेकतो.