डब्यातला मासा ही तडजोड नव्हे

भूमध्य समुद्राकाठी खातात तसे सीफूड टोस्ट घरी करायच्या फंदात पडू नका, असं बजावणारा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यातली विधानं थोडक्यात अशी. मासा त्याच दिवशी पकडलेला हवा. डब्यातला किंवा गोठवलेला म्हणजे तडजोड. पाव त्याच सकाळी भाजलेला हवा. ऑलिव्ह तेल तापवलं की विषारी होतं. मासळीवर चीज तिकडे कुणी घालतच नाही. आणि एवढं सांगूनही घरी करायचेच असतील, तर कोळंबी अर्धा तास लिंबाच्या रसात ठेवा, ती आपोआप शिजते, गॅस पेटवायलाही नको.

शेवटचं सोडून बाकीची विधानं माणसाला उगाच बिचकवतात. शेवटचं, कोळंबी आणि लिंबाचं विधान मात्र, जिथे खरंच जपायला हवं नेमकं तिथेच, त्याला बेसावध करतं. म्हणून उत्तर द्यायला हवं.

ताज्या माशाच्या हट्टापासून सुरुवात करू, कारण सगळी गफलत तिथेच आहे. व्हेनिसमध्ये छोट्या खानावळींत वाइनबरोबर घासभर आकाराचे पदार्थ मिळतात, त्यांना चिक्केत्ती म्हणतात. त्यातला सर्वांत मानाचा पदार्थ म्हणजे बाकाला मान्तेकातो: भाजलेल्या पावाच्या किंवा पोलेंताच्या (मक्याच्या पिठाच्या घट्ट शिजवलेल्या लापशीच्या) तुकड्यावर घातलेलं कॉड माशाचं पांढरंशुभ्र, मऊ लोण्यासारखं वाटण. हा कॉड भूमध्य समुद्रात सापडत नाही. तो नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर थंड वाऱ्यात लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेला असतो. व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरिनी १४३१ साली क्रीटहून निघाला, वादळात त्याचं जहाज भरकटलं आणि १४३२ च्या सुरुवातीला तो त्या बेटांवर जाऊन पोचला. वाळवलेल्या कॉडशी व्हेनिसची ओळख त्यानेच करून दिली असं तिथे सांगतात. आजही हा मासा दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवतात, उकडतात, काटे काढतात आणि थेंबाथेंबाने तेल सोडत घोटतात. म्हणजे त्या शहराचा अभिमानाचा टोस्ट मुळात हजारो किलोमीटरवरून आलेल्या सुक्या माशाचा आहे.

अँचोव्ही या लहानशा समुद्री माशाचंही तसंच. स्पेनच्या कातालोन्या प्रांतातलं ला एस्काला, फ्रान्समधलं कोलिऊर, इटलीतलं चेतारा ही गावं खारवलेल्या अँचोव्हीसाठीच नावाजलेली आहेत. ताजे मासे डोकं काढून मिठाच्या थरांत रचतात, वर वजन ठेवतात आणि महिनोन्महिने तसेच राहू देतात. या काळात माशातली एन्झाइम्स प्रथिनांचं विघटन करतात, मांस लालसर तपकिरी होतं आणि तो खोल, भरीव स्वाद तयार होतो. ताज्या अँचोव्हीत तो नसतोच, त्यामुळे ताजा मासा आणून तुम्ही अँचोव्हीचा टोस्ट करूच शकणार नाही. डबा इथे तडजोड नाही, तोच मूळ घटक आहे.

करायलाही हा सगळ्यांत सोपा. पाव भाजून मिनिटभर निवू द्या, म्हणजे लोणी वितळून आत झिरपणार नाही. बिनमिठाच्या थंडगार लोण्याचा चांगला जाड काप ठेवा, अगदी चीजच्या कापासारखा. त्यावर एक अँचोव्ही. बस. मीठ अजिबात नको, लिंबूही नको. दाताखाली आधी कुरकुरीत पाव, मग गार लोणी आणि शेवटी मीठ येतं, आणि ही चव याच क्रमाने यायला हवी. मिठातली सबंध अँचोव्ही मिळाली तर पाण्याखाली धुऊन घ्या आणि अंगठ्याने मधोमध उघडा. काटा शेपटीपर्यंत एका ओढीत निघतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. खारवलेली अँचोव्ही ट्यूना किंवा सार्डिनसारखी डबाबंद करून उकळलेली नसते. त्यामुळे तिचा डबा न फोडताही फ्रिजमध्येच ठेवायचा असतो. सार्डिनचा डबा कपाटात चालतो, कारण तो बंद झाल्यावर ११० अंश सेल्सियसच्या वर तापवलेला असतो. म्हणूनच त्यातले काटे मऊ होऊन सहज खाता येतात.

गोठवलेल्या कोळंबीबद्दल तर तक्रारीला जागाच नाही. ती बहुतेकदा पकडल्यावर लवकरच गोठवलेली असते, तर बर्फावर मांडलेली ‘ताजी’ कोळंबी पुष्कळदा तीच गोठवलेली कोळंबी वितळवून ठेवलेली असते. रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या आणि फडक्याने खरोखर कोरडी करा. ओली कोळंबी तव्यावर भाजली न जाता वाफेवर उकडते आणि वर पाणी सोडून टोस्टही भिजवते. घरचा सीफूड टोस्ट बिघडतो तो बहुधा या पाण्यापायी. मासा डब्यातला होता की ताजा, याचा त्यात काही संबंध नसतो.

पावाच्या मुद्द्यावर फार थांबायची गरज नाही. इटलीचा ब्रुस्केत्ता, म्हणजे भाजून लसूण चोळलेला पाव, असो की कातालोन्यातला टोमॅटो चोळलेला पाव, दोन्ही कालचा पाव वाया जाऊ नये म्हणून रुजलेल्या सवयी आहेत. शिळा पाव कमी ओला असतो, म्हणून तो भाजल्यावर जास्त कडक होतो आणि त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर लसणाची पाकळी किसणीवर घासावी तशी झिजते. आदल्या दिवशीचा, जाड सालीचा कोणताही पाव घ्या.

आता तेल. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल साधारण १९० ते २१० अंशांच्या दरम्यान धूर सोडायला लागतं. कोळंबी परतताना तेल बहुधा याच्या खालीच असतं. शिवाय या तेलात अर्ध्याहून जास्त भाग ओलेइक आम्लाचा असतो आणि ते उष्णतेने सहज बिघडत नाही. तेलातल्या पॉलिफेनॉल्स या नैसर्गिक घटकांचीही मदत होते. स्पेन, इटली, ग्रीसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या याच तेलात तळण होतं. धूर निघेपर्यंत तापलं तर टाकून द्या, हे कोणत्याही तेलाला लागू आहे.

तेलाबाबत खरी जपायची गोष्ट वेगळीच आहे आणि त्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. टोस्टवर घालायला लोक कच्चा लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवतात. लसूण जमिनीतून येतो, त्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि तेलाखाली हवा नसल्याने त्यांना वाढायला आयती जागा मिळते. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या लसणामुळेच बोट्युलिझमची, म्हणजे या विषबाधेची, साथ आली होती. वास किंवा रंगावरून हे विष कळत नाही. घरचं लसूण-तेल लागेल तेवढंच करा, उरलं तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांच्या आत संपवा.

मासळीवर चीज घालत नाहीत, या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. शिंपल्यांच्या पास्त्यावर परमेजान मागितलं तर इटलीत बरेच जण नाक मुरडतात आणि नाजूक चवीच्या माशाबाबत ते बरोबरही आहेत. पण ‘कुणी घालतच नाही’ हे धादांत चुकीचं. ग्रीसमध्ये टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेल्या कोळंबीवर फेटा नावाचं चीज कुस्करून घालतात. सिसिलीत सार्डिनच्या सारणात पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचं चीज जातं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सिसिलीतला ग्रीक कवी आर्केस्ट्राटस कुरकुरत होता की सिराक्यूजचे लोक प्रत्येक माशावर चीज घालून त्याची नासाडी करतात. म्हणजे वाद जुना आहे, आणि घालणारेही तितकेच जुने आहेत. घट्ट, खारट फेटा आणि भाजलेली कोळंबी एका टोस्टवर बिनधास्त ठेवा.

राहिला लिंबाचा मुद्दा, आणि इथे मात्र मला सौम्यपणे बोलवत नाही. लिंबाच्या आम्लाने माशातली प्रथिनं आकसतात, मांस अपारदर्शक होतं, शिजल्यासारखं दिसतं. पण दिसणं निराळं. उष्णता जे जंतू मारते ते अर्ध्या तासाच्या लिंबाने मरतील याचा काही भरवसा नाही, आणि ॲनिसाकिस नावाच्या कृमीच्या अळ्या आम्लात दिवसचे दिवस जिवंत राहतात. स्पेनमध्ये बोकेरोनेस एन विनाग्रे, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेली कच्ची अँचोव्ही, टोस्टवर आवडीने खातात. तिथे कायद्यानुसार असा मासा वाढणाऱ्या हॉटेलांना तो आधी गोठवलेला असल्याची खात्री द्यावी लागते. उणे २० अंशांवर ७ दिवस, अशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस आहे. घरचे फ्रीझर इतके थंड असतीलच असं नाही. शिवाय गोठवल्याने कृमी मरतात, जिवाणू नाही. गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस जेवायला असेल तर हा खेळ करूच नका.

आणि वाचतो तो वेळ तरी किती? कोळंबीला तव्यावर एका बाजूला दीड-दोन मिनिटं पुरतात. राखाडी रंग जाऊन ती गुलाबी होते. पाठीकडचा सर्वांत जाड भाग सुरीने चिरून पाहा, मध्ये काचेसारखी पारदर्शक रेघ दिसत असेल तर अजून अर्धं मिनिट. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश. टोस्ट त्याच वेळी भाजून लसूण चोळून तयार ठेवा, कोळंबी गरम असतानाच वर मांडा आणि लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.