पंख्याखालची खुर्ची

चाकणला स्वतःचं वर्कशॉप असलेल्या मित्राने सुरक्षा सप्ताहाचे फोटो ग्रुपवर टाकले. 4 मार्चची शपथ, बॅनर, घोषवाक्य स्पर्धेची बक्षिसं. खाली लिहिलं होतं, "यंदा बाहेरून फॅसिलिटेटर बोलावला, माणसांना बोलतं करणार म्हणे. दीड तासात एकानं तोंड उघडलं नाही. कामगारांना विचारून सेफ्टी होत नसते." त्यावर सोळा अंगठे.

फोटो मोठा करून पाहिला. पहिल्या रांगेत, पंख्याखाली, स्वतः मालक बसलेले. कोण बोलेल?

मी अकरा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका प्लांटमध्ये आहे. इथे 'गेझुंडहाइट्सत्सिर्केल' असतं, म्हणजे कामात काय त्रास होतो, काय बदलायला हवं, हे बोलायची बैठक. (आरोग्य मंडळ म्हटलं तर भजनी मंडळ वाटेल.) त्याच्या दोन पद्धती. ड्युसेलडॉर्फच्या पद्धतीत कामगारांबरोबर माइस्टर (फोरमन), बेट्रीब्सराट (कामगारांनी निवडलेली समिती), डॉक्टर सगळे एकत्र बसतात. बर्लिनच्या पद्धतीत फक्त कामगार. आमच्याकडे बर्लिनची. आमची मॉडरेटर बाई मत म्हणून देतच नाही. "रॅक किती उंच हवा?" असं विचारलं की म्हणते, "तिथून रोज माल कोण उतरवतं?" मग त्या माणसाकडे बघत गप्प बसते, आणि ते गप्प बसणं भलतं लांबतं. निघतं काय, तर ट्रॉलीचं चाक, पायाखालची मॅट. पण प्रत्येक गोष्टीपुढे नाव आणि तारीख पडते, आणि त्या तारखेला ती परत येऊन विचारते. दुसऱ्या बैठकीत माणसं बोलतात ती त्यामुळे. दीड तासाच्या पाहुण्याला हे कसं जमावं?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. भोपाळनंतर, 1987 साली, आपल्याच कारखाने कायद्यात धोकादायक कारखान्यांच्या सुरक्षा समितीत कामगार आणि व्यवस्थापन समसमान आले, हेही ठणकावून सांगितलं. जरा चढलंच होतं मला.

पहिल्या बैठकीत त्रास लिहायला दिलेलं कार्ड मी मात्र कोरंच परत दिलं होतं, हे लिहिलं नाही. मनगट महिनाभर दुखत होतं. पण तेव्हा ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीवर अवलंबून असलेल्या परवान्यावर होतो. तक्रारखोर ठरायची भीती. बाई दुसऱ्या दिवशी मशीनपाशी आली. "दुखतं का?" असं विचारलंच नाही. म्हणाली, "काल रात्रपाळीत काय काय केलंत, क्रमाने सांगा." मोडक्या जर्मनमध्ये सांगता सांगता मनगटावर आलो.

मित्राचं उत्तर आलं: "एजन्सीच्या पोरांना बसवतात का तुमच्या मंडळात?"

आमच्याकडे नाही बसवत. पॅकिंगला अर्धे तेच आहेत.

पाठोपाठ त्याचा खासगीत मेसेज आला. भोसरीत आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. तिथल्या पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं होती. एक ट्यूबच्या पट्टीने बांधलेलं असायचं, म्हणजे एक हात माल सरकवायला मोकळा. सुपरवायझर मी. मला माहीत होतं. उत्पादनाचा आकडा त्यावरच निघायचा. एकाची दोन बोटं गेली तेव्हा अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' मीच लिहिलं. चौकशीच्या खोलीत त्याला "काही सांगायचंय?" असं विचारलंही होतं.

मित्राने एवढंच लिहिलं होतं, "आणि तू कुठे बसला होतास रे तेव्हा?"

पंख्याखाली.