कुंपणापाशी जिम 'नाही' म्हणतो

मुलांच्या पुस्तकांवर बोलणं निघालं की पहिला प्रश्न हमखास येतो, 'यातून मुलं काय शिकणार?' प्रश्न रास्त आहे. माझं भांडण आहे ते आपण त्याला देत असलेल्या उत्तराशी. शेवटी तात्पर्य छापलेलं पुस्तक म्हणजे संस्कार, आणि साहसकथा म्हणजे सुट्टीतला टाइमपास, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. मला ती अजिबात मान्य नाही. मूल माणूस म्हणून कसं घडतं, हे मला सगळ्यात खरेपणाने दाखवलं ते चाच्यांच्या एका गोष्टीने. तिच्यात खून आहेत, दारू आहे, दगाबाजी आहे, आणि उपदेश करायला लेखक कुठेही थांबत नाही.

ती गोष्ट म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड'. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी सुट्टीत पावसामुळे सगळे घरात अडकले होते. तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड सोबत होता. चित्रं काढता काढता एका बेटाचा नकाशा तयार झाला आणि त्या नकाशातून ही गोष्ट. स्टीव्हन्सनचे वडील दीपगृहं बांधणारे इंजिनिअर, कडक शिस्तीचे. पण तेही इतके रंगले की गोष्टीतल्या बिली बोन्सच्या पेटीत काय काय निघालं, याची यादी त्यांनीच करून दिली. आधी 'यंग फोक्स' या मुलांच्या साप्ताहिकात ती क्रमशः आली आणि १८८३ साली पुस्तक निघालं.

त्या पेटीचा प्रसंग मी कितीदा वाचला असेन. बिली बोन्स हा म्हातारा खलाशी गोष्टीचा नायक असलेल्या जिम या पोराच्या आईच्या खाणावळीत पैसे थकवून मेलाय. त्याचे साथीदार कुठल्याही क्षणी येऊन धडकतील. जिम आणि आई मेणबत्तीच्या उजेडात पेटी उघडतात. नाण्यांची पिशवी निघते, त्यात देशोदेशीची नाणी एकत्र. आई म्हणते, माझं येणं तेवढं घेईन, एक दमडी जास्त नको. हिशेब तिला फक्त गिनींमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सोन्याच्या नाण्यांत करता येतो आणि पिशवीत गिनीच सगळ्यात कमी. जिवावर बेतलेलं असताना ही बाई एकेक गिनी वेचून मोजत बसते. श्यामच्या आईला ती नक्की आवडली असती. मोजणी अर्ध्यावर आलेली असते तोच बाहेर गोठलेल्या रस्त्यावर प्यू या आंधळ्या चाच्याची काठी टकटकते. आई म्हणते, आहे तेवढं घेते. आणि जिम मेणकापडाचं एक पुडकं उचलतो, 'उरलेल्या हिशेबापोटी' म्हणून. नकाशा त्यातच असतो.

मला हे फार खरं वाटतं. आईचा प्रामाणिकपणा पोराच्या डोळ्यांसमोर आहे, त्याला तो कळतोही, आणि तरी त्याचा हात पुडक्याकडे जातो. सगळं साहस या उचलण्यातून सुरू होतं. स्टीव्हन्सन त्याला शाबासकी देत नाही आणि कानही धरत नाही.

त्या नकाशावरच्या खजिन्यासाठी जहाज निघतं. वडील नुकतेच गेलेले असताना जिमला भेटतो जहाजावरचा स्वयंपाकी, लाँग जॉन सिल्व्हर. एका पायाचा, गोडबोल्या, कामाला वाघ. तो जिमला मोठ्या माणसासारखं वागवतो, जहाजाच्या गोष्टी सांगतो, हुशार पोरगा म्हणून कौतुक करतो. वडील नसलेल्या मुलाला आणखी काय हवं असतं? मग अकराव्या प्रकरणात जिम सफरचंद घ्यायला जवळजवळ रिकाम्या पिंपात उतरतो आणि बाहेर सिल्व्हरचा आवाज ऐकू येतो. सिल्व्हर एका तरुण खलाशाला बंडात ओढतोय आणि त्याची स्तुती करतोय, जिमची केली होती त्याच शब्दांत. जिम लिहितो की हे ऐकताना त्या म्हाताऱ्याला पिंपातूनच ठार मारावंसं वाटलं. बंडाचा कट त्याला नंतर नीट कळतो. आधी लागतो तो हा घाव, की ते कौतुक माझं नव्हतंच, ते सगळ्यांना सारखंच पाजायचं औषध होतं. आपल्याला आवडणारा माणूस वाईट असू शकतो, हे कुठल्या मूल्यशिक्षणाच्या तासाला शिकवता येईल?

आणि हे कळल्यावरही सिल्व्हर आवडायचा थांबत नाही, जिमला नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही. मुलांना हा गुंता झेपत नाही असं समजणारी मोठी माणसं मुलांना ओळखत नाहीत असं माझं मत आहे.

आता तिसावं प्रकरण. माझ्या मते सगळं पुस्तक इथे तोललेलं आहे. जिम बंडखोरांच्या हाती सापडलाय. बाकीचे त्याला मारायला टपलेत. सिल्व्हरने त्याला वाचवलंय, अर्थात स्वतःचा डाव साधायला. सकाळी जिमच्या बाजूचे डॉक्टर लिव्हसी येतात ते शत्रूच्या तळावर, आजाऱ्यांना तपासायला. ज्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यांचीच नाडी बघतात, औषध देतात, दलदलीत तळ ठोकल्याबद्दल रागावतात. इंग्लंडातल्या एखाद्या शांत घरी नेहमीच्या पेशंटला बघायला आल्यासारखे. जिम बाजूला उभा राहून हे पाहतो.

मग डॉक्टर जिमशी बोलायला मागतात. पळून जाणार नाही असा शब्द सिल्व्हर जिमकडून घेतो आणि त्याला कुंपणापर्यंत आणतो. डॉक्टर पलीकडे, जिम अलीकडे. डॉक्टर आधी चांगलेच रागावतात: जहाजाचा कॅप्टन धडधाकट असता तर तू आम्हाला सोडून निघून जायची हिंमत केली नसतीस, तो जखमी असताना गेलास, हा शुद्ध भेकडपणा. जिम रडायला लागतो. म्हणतो, मरायची तयारी आहे, पण छळाची भीती वाटते. हे ऐकून डॉक्टरांचा आवाजच बदलतो. मार उडी, आपण पळू. शब्द मोडल्याचा दोष आणि लाज, सगळं माझ्या डोक्यावर.

जिम नाही म्हणतो. तुम्ही स्वतः असं केलं नसतंत हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, सिल्व्हरने माझ्यावर विश्वास टाकला, मी शब्द दिलाय, मी परत जातो.

मोठा माणूस तोंडाने एक सांगतोय आणि थोड्या वेळापूर्वी वागून दुसरंच दाखवून गेलाय. मुलाने त्यातलं वागणं उचललं. डॉक्टरांचं ऐकलं नाही, कारण त्यांच्यासारखं व्हायचं होतं. शब्द दिला होता तो एका खुनी, खोटारड्या माणसाला. गालांवरचे अश्रू सुकलेले नाहीत, छळाची भीती तशीच आहे. आज्ञाधारक मुलाच्या गोष्टीत हा प्रसंग येऊच शकत नाही, कारण आज्ञाधारक मुलाने उडी मारली असती.

आर. एम. बॅलंटाइनच्या 'कोरल आयलंड'मधली (१८५७) तीन मुलं मला आवडतात, पण ती आली तशीच परत जातात, पहिल्या पानापासून शूर आणि सद्गुणी. जिमसमोर ती फिकी पडतात.

आणि शेवटी मोठ्यांचंही एकमत होत नाही, हे मला विशेष भावतं. डॉक्टर म्हणतात, प्रत्येक पावलावर तूच आमचे जीव वाचवलेस. कॅप्टन स्मॉलेट म्हणतो, पोरगा चांगला आहेस, पण आपण दोघं पुन्हा एकत्र समुद्रावर जाऊ असं मला वाटत नाही. परवानगीशिवाय दोनदा निसटलेला हा मुलगा त्याच्या शिस्तीत बसत नाही. दोघेही बरोबर आहेत. स्टीव्हन्सन निकाल देत नाही.

आता जीव तुटतो ती गोष्ट. मुलांसाठी म्हणून केलेली एक संक्षिप्त आवृत्ती परवा हातात आली. पोपट होता, नकाशा होता, खजिना होता. कुंपणाजवळचं बोलणं गायब. जिमच्या आईची मोजणीही गायब. म्हणजे 'वेगवान' करताना नेमका जिम कापला गेला, आणि वर मागच्या पानावर बोध छापलेला! साहसकथेत मूल्यं नसतात असं आपण म्हणतो, पण ती काढून टाकून छापतो आपणच.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांना पूर्ण अनुवाद द्या, किंवा रोज एक प्रकरण वाचून दाखवा. चौतीस प्रकरणं आहेत, महिन्याभराहून थोडंसंच जास्त काम. तिसाव्या प्रकरणानंतर पुस्तक मिटा आणि गप्प बसा. माझी भाची ताडकन म्हणाली होती, 'खोटारड्याला दिलेला शब्द कशाला पाळायचा?' तिच्या धाकट्या भावाचं म्हणणं होतं की शब्द जिमचा आहे, सिल्व्हरचा नाही. दोघं जेवणाच्या ताटावर भांडत होती आणि मी मुद्दाम मध्ये पडले नाही.