भाचीच्या वहीतला तीन रकान्यांचा तक्ता

भाचीने यूपीएससीला समाजशास्त्र घेतलंय. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून ती रविवारी जेवायला आमच्याकडे येते. परवा तिची वही सहज चाळली. एका पानावर समाजाकडे बघण्याच्या तीन पद्धतींचे तीन रकाने : प्रकार्यवाद (प्रत्येक भाग आपलं काम करतो म्हणून समाज टिकतो), संघर्षवाद (समाज म्हणजे साधनांवरून चाललेली ओढाताण), प्रतीकात्मक आंतरक्रियावाद (माणसं समोरासमोर वागताना खुणांतून अर्थ घडवतात). खाली लाल पेनाने, 'तिन्ही दृष्टिकोन परस्परपूरक आहेत.' कोणी सांगितलं म्हटलं, तर म्हणे, "क्लासच्या सरांनी. दहा मार्कांना एवढं पुरतं, मामा."

मार्कांना पुरत असेल. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं ते बाहेरून, नोकरी सांभाळून. पण त्याआधी आणि त्यानंतरही पेठेतल्या एका छोट्या गणेश मंडळात पावत्या फाडल्या, मांडव घातले, विसर्जनाला रात्र रात्र उभा राहिलो. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगतो, तक्त्यातले हे तीन दृष्टिकोन एकमेकांना पूरक वगैरे काही नाहीत. चांगली भांडतात.

पहिल्या रकान्यातला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दर्खाइम घ्या. श्रमविभागणीवरचा त्याचा ग्रंथ आला 1893 साली, म्हणजे आपल्याकडे सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहत होता त्याच सुमाराला. पुढे 1912 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या विधींवरून मांडलं, की माणसं जमली, एका तालात हलली, की आपल्याहून मोठं काहीतरी अंगात आल्यासारखं वाटतं, आणि ते मोठं म्हणजे खुद्द समाजच. बेलबाग चौकात ढोलाचा ठेका छातीत बसतो तेव्हा मला दर्खाइम शंभर टक्के पटतो. शेजारच्याशी वर्षभर पार्किंगवरून भांडलेलो असतो, त्याच्याच कपाळाला गुलाल लावतो.

पण मग मिरवणुकीचा क्रम बघा. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. मानाचे पाच. बाकीच्यांनी मागे थांबायचं. आम्ही थांबलोय, पहाटेपर्यंत, जनरेटरचं डिझेल संपेपर्यंत. इथे दुसऱ्या रकान्यातला, संघर्षवादी मार्क्सवाला म्हणेल, ज्याच्या हातात साधनं त्याचा रस्ता. पण हे पुण्यात बसत नाही! दगडूशेठची कीर्ती आणि गर्दी केवढी, तरी तो मानाच्या पाचांत नाही. पैसा एकीकडे आणि मान दुसरीकडे, हे ज्याने नीट सोडवून दाखवलं तो जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर. वर्ग वेगळा, प्रतिष्ठा वेगळी, सत्ता वेगळी. आणि भाचीच्या तक्त्यात वेबरला रकानाच नाही. (उत्सव आधी कोणी सुरू केला, भाऊ रंगारींनी 1892 मध्ये की टिळकांनी, या वादात पैशाचा प्रश्न कुठे आहे? मान आहे.)

तिसऱ्या रकान्याबद्दल फार बोलत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ब्लूमरने 1937 मध्ये त्याला नाव दिलं, पुढे गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने माणसं रंगमंचावर असल्यासारखी कशी वागतात ते दाखवलं. लक्ष्मी रोडवर फेटा बांधून ताठ चालणारा वादक गल्लीत वळला की चपला काढून फुटपाथवर बसतो, हे गॉफमनला फार आवडलं असतं. बारकावे छान टिपतो हा विचार. पण तो फेटा कोणाला मिळतो आणि झाडू कोणाला, हे विचारलं की गप्प.

माझा सगळा मुद्दा त्या झाडूपाशी आहे. एका वर्षी सकाळी अलका चौकात आमची गाडी अडकली होती. रस्त्यावर तुटक्या चपलांचा खच, गुलालाचा चिखल. झाडणारी एक बाई आली आणि म्हणाली, "दादा, झाला का तुमचा गणपती? सरका मग." तुमचा, म्हणाली. रात्रभर ज्याला मी 'आपला' म्हणत होतो तो.

प्रकार्यवादी म्हणेल, प्रत्येकाचं काम ठरलेलं, म्हणून समाज चालतो. बाबासाहेबांनी 1936 मध्ये, लाहोरच्या न झालेल्या भाषणात, याला उत्तर देऊन ठेवलंय : जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. या एका वाक्यापुढे तक्त्यातला पहिला रकाना टिकत नाही. गंमत म्हणजे दर्खाइमला हे अगदीच दिसलं नव्हतं असं नाही. त्याच 1893 च्या ग्रंथात शेवटी 'लादलेल्या' श्रमविभागणीवर प्रकरण आहे. माणसाचं काम त्याच्या कुवतीवरून न ठरता जन्मावरून ठरलं तर एकोपा टिकत नाही, असं तो म्हणतो. गाइड छापणारे ते प्रकरण गाळतात. मग दर्खाइम म्हणजे 'सगळं छान चाललंय' म्हणणारा गृहस्थ होऊन बसतो.

संघर्षवाल्यांनाही माझा एक प्रश्न आहेच. दुपारी त्याच बाईचा मुलगा दुसऱ्या मंडळाच्या ढोलपथकात असेल, तर तो काय केवळ फसलेला आहे? इतकं सोपं मला वाटत नाही. तो खरंच आनंदात असतो.

हे सगळं मी भाचीला आमटी वाढता वाढता सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वहीत वेबरसाठी चौथा रकाना आखला आणि म्हणाली, "मामा, त्या बाईला तुम्ही काय उत्तर दिलं?"

काही नाही. गाडी बाजूला घेतली.